चिमटाबाईंचा डावा हात

माणसाची कातडी मोजतात, हे ऐकून लोक आधी हसतात. कापड मोजतात, जमीन मोजतात, ताप मोजतात. कातडीचं काय मोजायचं? हा प्रश्न चिमटाबाईंना जन्मभर विचारला गेला आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. समोरच्याच्या मनगटाच्या जरा वर त्या दोन बोटांनी हलकाच चिमटा काढायच्या, सोडायच्या आणि म्हणायच्या, "बघा, कशी जागेवर गेली. किती वर आली, किती चटकन गेली, की थोडी तशीच राहिली, ते मोजायचं." म्हणून त्या चिमटाबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते बिचारं तिथंच पडून राहिलं.

त्यांची खोली दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, जिना संपतो तिथं. खिडकी होती, पण कायमची बंद, कारण कातडी म्हणजे मोठं लहरी प्रकरण. उन्हात एक, गारठ्यात दुसरी, घाम आला की तिसरीच. म्हणून खोलीत बारा महिने एकच गारवा. येणाऱ्यानं बाही वर सारून गप बसायचं, कातडीला खोलीची सवय होऊ द्यायची. मग बाई मशीनची नळी हातात घ्यायच्या. नळीच्या टोकाला विजेरीसारखी मूठ आणि मुठीच्या तोंडाला मिरीच्या दाण्याएवढं भोक. ते कातडीवर टेकवलं की पंप हवा ओढायचा, सुस्स असा आवाज यायचा, कातडी त्या भोकात इवलीशी वर उचलली जायची आणि सोडली की खाली. पडद्यावर त्याची रेघ उमटायची, टेकडीसारखी. तरुण कातडीची टेकडी झरझर चढते आणि झरझर उतरते. म्हाताऱ्या कातडीची चढते बरी, उतरताना रेंगाळते. भाजून आखडलेल्या कातडीची टेकडी कसली, नुसता उंचवटा. मागं हातावर एक गुलाबी गोल राहायचा आणि माणूस बाही खाली करून पाणी पिईपर्यंत तो जायचाही.

बाई या कामाला आल्या त्या काही पोटासाठी नव्हे. म्हणजे पोटासाठीही, पण दुसरी चांगली नोकरी चालून आली होती, ती सोडून त्या इथं आल्या. कारण होती त्यांची आई. आईला कातडी घट्ट होण्याचा आजार होता. बाई शाळेत असताना तो सुरू झाला. धुऊन आटलेला सदरा अंगाला तोकडा पडतो, तशी आईची कातडी आईला तोकडी पडत गेली. आधी गार पाण्यात बोटं पांढरीफटक पडायची. मग बोटं वळेनात. मग तोंड लहान झालं, इतकं की शेवटी चमचा आडवा जात नव्हता. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, एक भाव नाही. आई रागावली आहे की हसते आहे, हे पोरांनी तिच्या डोळ्यांवरून ओळखायचं. ती गेली तेव्हा बघायला आलेल्या बायका कुजबुजल्या, "काय तजेला आहे बाई चेहऱ्यावर." ते शब्द बाईंच्या कानातून कधी गेले नाहीत.

तो आजार आपल्यात उतरेल, ही भीती त्यांनी तेव्हापासून पदराला बांधली. लेक झाल्यावर ती दुप्पट झाली.

काम शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे बाईंच्या आधी ती खोली सांभाळणारा सडपातळ, तिरसट म्हातारा. मशीन बरोबर ओढतं आहे की नाही, हे रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी कंपनी एक रबरी चकती देते. तिची टेकडी किती उंच यायला हवी ते चकतीवर छापलेलं असतं. मास्तरांनी ती चकती कधीच कचऱ्यात टाकली होती. "रबर पडून पडून कडक होतं," ते म्हणायचे. "कातडी जिवंत असते, ती स्वतःला सांभाळते. भरवसा ठेवायचा तर ओळखीच्या हातावर." तर मास्तर रोज सकाळी स्वतःचा डावा हात मशीनखाली धरायचे. पडद्यावर त्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला होता. हाताची टेकडी त्या पट्टीला टेकली पाहिजे. कमी पडली तर पंपाचं बटण फिरवून ओढ वाढवायची, जास्त झाली तर उतरवायची. बटणाशेजारी पेन्सिलीची एक खूणही होती, बटणाची जागा साधारण तिथं.

निवृत्त व्हायच्या आधी मास्तरांनी बाईंना रोज शेजारी बसवलं. एक हात त्यांचा, एक हात बाईंचा. दोन टेकड्या ताडून ताडून पट्टीची जागा केसभर सरकवली आणि म्हणाले, "आजपासून तुमचा हात." लोक किल्ल्या सोपवतात, खुर्च्या सोपवतात, या माणसानं हाताचा मान सोपवला. पुढं मास्तर वारले. बाई मात्र रोज सकाळी, चहाच्याही आधी, डावी बाही वर सारत राहिल्या. टेकडी पट्टीला टेकली की त्यांना दुहेरी हायसं वाटायचं: मशीन ठीक आहे, आणि मी ठीक आहे. आईचं माझ्यात आलेलं नाही.

यातली गोम त्यांच्या ध्यानात यायला हवी होती, असं आता कुणीही शहाणा म्हणेल. पण जी गोष्ट रोज करतो ती माणूस बघत नसतो.

लेकीचं मोजमाप वाढदिवसाला. बाकीच्या आया दाराच्या चौकटीशी पोराला उभं करून उंचीची रेघ मारतात, बाई पोरीला खोलीवर आणून तिची टेकडी काढायच्या. पोर लहानपणी हट्टानं यायची, मशीन हाताची पापी घेतं म्हणायची. मोठी झाल्यावर कुरकुरत यायची. पण यायची. आणि टेकडी दरवर्षी तशीच, सुबक, झरझर चढणारी, झरझर उतरणारी. बाई घरी जाताना तिला काहीतरी गोडधोड घेऊन द्यायच्या आणि वर्षभराची काळजी पुढल्या वाढदिवसापर्यंत गुंडाळून ठेवायच्या.

मग एके वर्षी माणसं सैल व्हायला लागली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वेल्डरच्या हातावर. हा वेल्डर म्हणजे गॅसच्या भडक्यात उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला गडी, नव्या औषधासाठी दर महिन्याला यायचा. डॉक्टर मॅडम ते औषध देत होत्या आणि त्यानं कातडी किती मऊ पडते ते बाई मोजत होत्या. वेल्डरची टेकडी महिन्यामहिन्याला उंच होऊ लागली. मॅडम खुशीत आल्या. वेल्डर मात्र पडद्याकडे बघून डोकं खाजवायचा. "तुमचं मशीन काय म्हणायचं ते म्हणो, बाई. माझी मूठ काही वळत नाही."

"वळेल. मशीन खोटं बोलत नाही," बाई म्हणायच्या.

पण मग औषध न घेणारेही सैल निघाले. मापासाठी हात द्यायला येणारी नर्स. दवाखान्याचा धडधाकट पहारेकरी. सगळ्यांच्या टेकड्या उंच उंच, आणि उतरताना रेंगाळणाऱ्या. पंचविशीतल्या पोरीची कातडी साठीच्या बाईसारखी वागायला लागली. आणि ते गुलाबी गोल. ते आता गुलाबी राहिले नव्हते, लाल पडत होते, आणि जात नव्हते. एकदा बसमध्ये बाईंच्या पुढं दांडा धरून कुणी उभा होता, त्याच्या हातावर त्यांना गोल दिसला. हा आपल्याकडे आठवड्यापूर्वी आलेला. त्यांनी मान वळवली, तर खिडकीशी बसलेल्या बाईच्या हातावर दोन. त्या दोघांना एकमेकांची ओळख नव्हती, नव्हतं ठाऊक की दोघांवर एकाच तोंडाची खूण आहे. बाई आपला थांबा यायच्या आधीच उतरल्या आणि उरलेली वाट चालत गेल्या.

हे फक्त मशीनपुरतं असतं तर एक वेळ ठीक. पण बोटांनाही तसंच लागायला लागलं. दुकानदारानं सुटे पैसे हातावर ठेवले, तर त्याची बोटं तिंबलेल्या पिठासारखी लागली, दाबली तर रुततील अशी. शेजारणीचं तान्हं बाळ उचलायचं बाईंनी टाळलं. म्हणाल्या, सर्दी झालीय. खरं म्हणजे त्यांना वाटलं, आपण उचलू आणि ते आपल्या बोटांमधून ओघळेल. सगळ्यांचा स्पर्श मऊ, आणि वर लांबचा. जसं कुणी त्यांच्या नकळत त्यांना पातळ हातमोजे चढवलेत आणि काढायचे विसरलंय.

घरी त्यांनी नवऱ्याचा हात चाचपला. नवरा बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. "सैल लागतोयस तू," त्या म्हणाल्या.

"घरी बसलेला माणूस सैल होणारच," तो वर्तमानपत्रातून तोंड न काढता म्हणाला. "तू मात्र आहेस तशी आहेस. लग्नातल्यापेक्षा तरणी दिसतेस हल्ली."

शेजारीणही तेच म्हणाली होती. दारात गाठून, अगदी डोळे बारीक करून: "काय लावता हो तोंडाला? माझ्या आधी चार वर्षं तुमचं लग्न झालं, आणि तुमच्या कपाळावर बघावं तर एक आठी नाही." बाई हसल्या. "गारठ्यात काम करते ना, फ्रीजमधल्या भाजीसारखी टिकलेय." शेजारणीला ते पटलं नाही. क्रीमचं नाव लपवतात, असं तिनं मजल्यावर सांगितलं.

खोलीतल्या गारव्यानं बाईंची बोटं पांढरी पडायची, तेव्हा त्यांना आई आठवायची. मग त्या उठायच्या, बाही वर करायच्या, मशीन लावायच्या. टेकडी पट्टीला टेकलेली. जराशी कमी पडायची, पण हल्ली पंपच जुना झाला होता. बटण थोडं फिरवलं की यायची वर. मशीन सांगतंय ना काही नाही, मग काही नाही. गारठ्यानं कुणाची बोटं पांढरी पडत नाहीत? पंपाबद्दल त्यांनी कंपनीला तक्रारही केली. कंपनीनं माणूस पाठवायचा सोडून एक पुडका पाठवला: आधी सोबतच्या चकत्यांवर मशीन तपासून बघा. बाईंचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईला रबर पाठवतात. पुडका त्यांनी कापसाच्या खणात भिरकावला.

आणि मग लेकीचा वाढदिवस आला.

लेकीला नुकतीच नोकरी लागली होती, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची. दूरच्या माळावर, उंच खांबांच्या आत चढायचं, अंगाला पट्टे आवळून टोकाशी लोंबकळायचं. पोर लहानपणापासून स्क्रू उघडणारी, घरातलं एक घड्याळ तिनं धड ठेवलं नव्हतं. ती हवेत होती. सोमवारी निघायचं, बॅग अर्धी भरलेली. खोलीवर आली ती नाचतच. बाही वर केली. सुस्स.

टेकडी पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली. उतरताना अर्ध्यावर थबकली.

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. यंदा त्यांनी लेकीला गोडधोडही घेऊन दिलं नाही. घरी संध्याकाळभर त्या लेकीच्या हातावरच्या दोन लाल गोलांकडे बघत होत्या. जेवणं झाली, भांडी झाली, तरी गोल होते तिथंच.

इतकी वर्षं त्या एका दारावर पहारा देत बसल्या होत्या आणि चोर मागच्या दारानं शिरला होता. आईची कातडी दगड झाली, लेकीची पाणी होणार. असाही आजार असतो, हे त्यांना कामामुळं ठाऊक होतं: कातडी ताणते ती ताणतच जाते, जराशा पट्ट्यानं फाटते, शिवली तर टाका धरत नाही. आणि ही अंगाला पट्टे आवळून उंचावर लोंबकळणार. बाकीची दुनिया सैल पडत होती तेव्हा बाई नुसत्या घाबरल्या होत्या. आता त्यांची झोप उडाली.

"तू सोमवारी जायचं नाहीस," त्यांनी सकाळी सांगितलं.

"का म्हणून?"

"मी सांगते म्हणून."

लेक आईच्याच वळणावर गेलेली, फटकळ. घरात तोंडं वाजली. नवरा मधे पडला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन गॅलरीत जाऊन बसला. शेवटी बाईंनी खरं काय ते सांगितलं. लेक म्हणाली, "आई, मला काही होत नाहीये. काही दुखत नाही, काही फाटत नाही. तुझ्या मशीनला काय होतंय ते बघ."

"मशीन मी रोज बघते."

"कशानं?"

"हातानं."

लेक म्हणाली, "बरं. मॅडमना दाखवायचं ना? दाखवू. त्याआधी एकदा माझ्यासमोर नीट मोज. नंतर तू म्हणशील ते."

शनिवारी दवाखान्याची मागची इमारत रिकामी असते. दोघी जिना चढून गेल्या. बाईंनी दिवा लावला, गारवा यायची वाट बघितली, लेकीला बाही वर करून बसवलं. मग नेहमीप्रमाणं आधी स्वतःचा डावा हात. टेकडी पट्टीच्या खाली राहिली. बटण फिरवलं. अजून खाली. बटण शेवटापर्यंत गेलं, आणखी फिरेना, तेव्हा कुठं टेकडी पट्टीच्या जवळपास पोचली. "बघितलंस? पंप मरायला टेकलाय," बाई म्हणाल्या आणि मूठ लेकीच्या हातावर टेकवली.

लेकीनं दात आवळले. मशीनचा आवाज सुस्स असा नव्हता, कुणी नळीच्या पलीकडून दम लावून शोषतंय असा होता. पडद्यावर टेकडी कडेच्या बाहेर निघून गेली. मूठ काढली तर हातावर जांभळा गोल, आणि त्यात रक्ताचे बारीक ठिपके.

"फाटली," बाई म्हणाल्या.

"फाटली नाही, चावलं हे," लेक म्हणाली. "आई, मेलेला पंप असं ओढतो होय? हा तर रेड्यासारखा ओढतोय." ती उठली, कापूस शोधायला खण उघडला, आणि तिच्या हाताला पुडका लागला. फोडला. आत दोन गोल चकत्या, कातडीच्याच रंगाच्या, कातडीसारख्याच मऊ. बाईंना त्या बघवेनात. कुणाच्या तरी अंगातून कापून काढल्यासारख्या दिसत होत्या. लेकीनं त्यांवरचं छापलेलं वाचलं. "अगं, ह्यावर तपासायचं लिहिलंय. लावलंस कधी?"

"रबर आहे ते. पडून पडून कडक होतं."

"परवा आलेलं रबर?"

लेकीनं चकती टेबलावर ठेवली, मूठ टेकवली. फट्ट झालं. चकतीचा मधला भाग मुठीच्या तोंडात ओढला जाऊन फाटला.

"बघ. खराब माल," बाई म्हणाल्या.

लेकीनं दुसरी चकती ठेवली आणि बटण उलटं फिरवायला घेतलं. थोडं फिरवायचं, लावायचं, बघायचं. आणखी थोडं. स्क्रू उघडणारी पोर ती, तिच्या बोटांना घाई नव्हती. बटण मागं, मागं, आणखी मागं आलं. छापलेल्या उंचीवर टेकडी बरोबर बसली तेव्हा बटण कुठं होतं ते बाईंनी बघितलं. पेन्सिलीच्या खुणेवर होतं. मास्तरांनी ठेवलं होतं तिथं.

बाईंना सगळं कळलं होतं. पण एक गोष्ट आधी बघायची होती, बाकीचं काही बघायच्या आधी.

"तुझा हात दे," त्या म्हणाल्या. "दुसरा दे, न दुखलेला."

सुस्स. जुना, ओळखीचा, हलका आवाज. टेकडी झरझर चढली, झरझर उतरली. दरवर्षीची टेकडी. पोरीच्या हातावर एक गुलाबी गोल उमटला आणि दोघी बघत असतानाच फिका होऊ लागला.

"तुला काही नाही," बाई म्हणाल्या. "तुला काही झालेलं नाही गं. कुणालाच काही झालेलं नाही." आणि त्या हसायला लागल्या. इतका आनंद त्यांना लेक जन्मली तेव्हाही झाला नसेल. पोटातून हसू येत होतं, खांदे हलत होते, डोळ्यांना धार लागली होती. तोंड मात्र फारसं उघडत नव्हतं. लेकही हसत होती. हसता हसता तिनं एकदा आईच्या तोंडाकडे नीट बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

"म्हणजे तू रोज हातावर पट्टी जुळवायचीस आणि मशीन बिघडवायचीस," लेक डोळे पुसत म्हणाली. "आण, आता तुझा बघू."

"माझा राहू दे."

"राहू दे काय? माझा हात जांभळा केलास. आण इकडं."

तिनं आईची बाही वर सारली, मूठ टेकवली. सुस्स. रेघ पडद्याच्या डाव्या कडेनं आली आणि सरळ चालत उजव्या कडेला गेली. चिकटपट्टीचा तुकडा वर, एकटाच राहिला.

लेकीनं मशीनवर थाप मारली. "परत बिघडलं वाटतं."

"नाही," बाई म्हणाल्या. "आत्ताच बरोबर झालंय."

लेकीला कळायला वेळ लागला. तिनं मूठ बाजूला ठेवली. तिच्या स्वतःच्या हातांवर गोलच गोल होते, दोन लाल, एक जांभळा, एक गुलाबी. आईच्या हातावर एकही नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत हात गुळगुळीत, चकचकीत, एक लव नाही. तिनं आईनं जगाला शिकवलेली गोष्ट केली. मनगटाच्या जरा वर दोन बोटांनी चिमटा काढायला गेली. बोटं घसरली. परत धरायला गेली. चिमट्यात काही आलंच नाही.

"आजीचं असंच होतं सुरुवातीला?" तिनं हळूच विचारलं.

"सुरुवातीला काय," बाई म्हणाल्या, "सगळे म्हणायचे, किती तरुण दिसतेस."

बाईंनी नखानं पडद्यावरची चिकटपट्टी काढायचा प्रयत्न केला. वर्षानुवर्षांची पट्टी, निघेना. ती लेकीनं काढली.

"त्या वेल्डरला बोलवायला हवं," बाई म्हणाल्या. "खरं बोलत होता बिचारा. मॅडमना फोन लाव, सगळी मापं चुकलीत म्हणून सांगते. आणि माझंही सांगते. लवकर धरलं तर हल्ली औषधं आहेत, आईच्या वेळी नव्हती." मग त्या थांबल्या. "लवकर म्हणजे, आता जे काय असेल ते. तू सोमवारी निघायचंस हं. बॅग मी भरते."

बाईंनी बाही खाली ओढली. बाहीचं बटण लावायला त्यांची बोटं वळेनात, ते लेकीनं लावलं.